सिस्टरची चूक पकडायला बसलो

धरणगावात माझं मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज आहे. नखांतलं ग्रीस लग्नाच्या दिवशीही निघालं नव्हतं; हळद लागली ती त्याच्यावरूनच. त्यामुळे जळगावच्या दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीच्या दाराशी, एका सिस्टरने माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि नकारार्थी मान हलवली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. आत काचेच्या पेटीत माझी मुलगी होती. बायकोचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून सातव्याच महिन्यात ऑपरेशन करून मुलीला बाहेर काढावं लागलं होतं. बायको वरच्या मजल्यावर, अंगात उठायचीही ताकद नाही. म्हणून बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायचं काम माझ्यावर आलं होतं, आणि ही बाई मला नखं कापून या म्हणत होती.

नखं कापली. मग तिने मनगटावरचा दोरा काढायला लावला. तो आईने जत्रेतून आणून बांधलेला होता. ओला दोरा दिवसभर ओलाच राहतो आणि जंतूंना तेवढंच पाहिजे असतं, असं सिस्टरने समजावलं. तो कापला. मग कोपरापर्यंत साबण. मी हात धुतले म्हटलं की ती म्हणायची, अंगठे राहिले, बोटांच्या बेचक्या राहिल्या. ग्रीसचे डाग राहिले तरी तिचं काही म्हणणं नव्हतं. शेवटी तिने पोरीला माझ्या छातीवर ठेवलं. माझ्या मोठ्या पान्याएवढंही वजन नसेल तिचं. मी श्वास सोडायलासुद्धा घाबरत होतो.

पोरगी रडायची खूप. आवाज कसला, नुसती किरकिर, पण सारखी. माझी आई दाराच्या काचेतून बघत उभी असायची आणि तिकडे तिचा जीव वरखाली व्हायचा. एके दिवशी सकाळी मात्र पोरगी शांत होती. सिस्टर दार उघडून बाहेर आली, तशी आई कौतुकाने तिला म्हणाली, "आज कशी गुणी शे पोर. रडस बी नही."

सिस्टर मूळची धुळ्याकडची. एरवी आमच्याशी शुद्ध मराठीत बोलायची. त्या दिवशी आईकडे बघून हळूच म्हणाली, "अक्का, पोर रडस नही, हाई माले बरं नही वाटस."

मग ती आत गेली. मी आईशेजारी उभा राहून काचेतून बघत होतो. हात धुतले, पेटीत घातले. आधी पोरीच्या पोटाला हात लावला, मग पायांच्या तळव्यांना. पोट गरम होतं, तळवे गार, हे तिने नंतर सांगितलं. तळव्यावर बोटाने हलकी टिचकी मारली. पोरीने पाय जरासा ओढला आणि पुन्हा तशीच पडली. नळीने दिलेलं दूध पोटात जिरलं नव्हतं, तेही तिने बघितलं. सगळं लिहून काढलं आणि डॉक्टरांना बोलावलं. गाडी खोलण्याआधी मीही ती नुसती चालू ठेवून कान देऊन ऐकतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा काहीच करत नाही. म्हणून तिचं ते बघणं मला कळलं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, रक्तात जंतू शिरले होते. पोरगी वाचेल का, हे कोणी छातीठोक सांगेना. दोरा कापला म्हणूनच हे झालं, असं आईने धरून ठेवलं. मी तो राग सिस्टरवर काढला. एवढं साबण लावता, नखं कापायला लावता, मग जंतू आत आलेच कसे, असं सगळ्यांदेखत विचारलं.

तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "धुतो म्हणून कमी येतात, भाऊ. येतच नाहीत, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

ती खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी बाहेर काचेपाशी बाकड्यावर बसून राहिलो, आणि खरं सांगायचं तर तिची चूक पकडायलाच बसलो. कधीतरी घाईत ती हात न धुता एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाईल आणि मी तिला तिथेच धरीन, असं मनात होतं. तिची ड्यूटी असली की मी तिच्यावरून डोळा काढायचो नाही. एका पेटीचा अलार्म वाजायचा, दुसऱ्या बाळाची सुई निघायची, फोन खणखणायचा. तरी प्रत्येक बाळाआधी हात, प्रत्येक बाळानंतर हात. कातडी पार सोलवटली होती तिची. आत मोठं माणूस कोणी नसताना, बाळं झोपलेली असतानाही तसंच. आणि दर वेळी आधी बघायचं, मग काय ते ठरवायचं, करायचं, आणि थोड्या वेळाने येऊन, केल्याचा उपयोग झाला का, ते परत बघायचं. मी देवळात जातो, हात जोडतो, पण असं भारावून मी कशाकडे बघत बसल्याचं मला आठवत नाही. चूक पकडायचं कधी राहून गेलं, कळलंही नाही.

एका दुपारी तिने मला आत बोलावलं. मी कोपरापर्यंत धुऊन पेटीपाशी उभा राहिलो. तिने पोट बघितलं, तळवे बघितले, टिचकी मारली. पोरगी लालभडक झाली आणि तिने असा टाहो फोडला की शेजारची दोन बाळं जागी होऊन रडायला लागली. बाकीच्यांची झोपमोड होईल म्हणून मी घाबरून तिला उगी उगी करायला गेलो.

"रडू द्या तिला," सिस्टर म्हणाली. "पोटभर रडू द्या."

तिचा आवाज चिरकला होता. मी वर बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मास्कच्या आत जात होतं. तिने ते पुसलं नाही. हात चेहऱ्याकडे नेलाच नाही. तशीच बेसिनपाशी गेली, हात धुतले, आणि शेजारच्या बाळाचे तळवे बघायला वाकली.