अडीचशे किलो आणि गेटवरचे काका

माझ्या मोटारसायकलपायी एका माणसाची नोकरी गेली. गाडी माझी, चूक माझी, आणि घरी बसले ते आमच्या सोसायटीच्या गेटवरचे काका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच राग काढणार आहे. त्यातला माझा वाटा किती, हे वाचणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असलेलं बरं.

गाडी मोठी आहे. लांबच्या प्रवासाची, अडीचशे किलोची, मागे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावलेली. कुणाची तरी वापरलेली घेतली. सिग्नलला थांबलो की शेजारचा रिक्षावाला हमखास विचारतो, "कितना देती है?" मी आकडा सांगितला की तो माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. काशीमीऱ्याच्या सिग्नलवर इंजिनाची धग गुडघ्यापासून मांडीपर्यंत चढते. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर रस्ता कुठे आणि खड्डा कुठे हे दर आठवड्याला नव्यानं शिकावं लागतं. शहरात ही गाडी म्हणजे शिक्षा आहे. शहर संपलं, चौथा-पाचवा गिअर पडला, की तिचं वजन कुठे जातं कळत नाही. त्या एका गोष्टीसाठी बाकी सगळं सोसतो.

पेट्यांमध्ये पुस्तिका असतात. आम्ही चार-पाच जण मिळून छापतो: भाडेकरूंचे हक्क, किमान वेतन, पाण्याचा प्रश्न. पोस्टानं पाठवल्या तर पडून राहतात, म्हणून गावोगावी स्वतः नेऊन देतो. आई हेच काम एसटीनं करायची, मांडीवर गठ्ठा घेऊन. ती घरकामगार बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहायची. परळच्या खोलीत आणि नंतर इंद्रलोक वस्तीतल्या ह्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हाही आमच्या पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी जोडाक्षरं शिकलो ती 'हक्क' आणि 'संघर्ष' ह्या शब्दांवर. गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा आईनं गॅलरीतून खाली बघितलं आणि म्हणाली, "क्रांतीचं वजन बरंच वाढलेलं दिसतंय."

आईचा पत्रकाचा एक नियम होता. आरोप केला की त्याच्याखाली माणूस उभा पाहिजे. कुणी सांगितलं, कुणी बघितलं, ते लिहायचं. नाव नसलेला आरोप म्हणजे चुगली, असं ती म्हणायची. हा नियम मी दुधाबरोबर प्यायलो. पण अर्धाच प्यायलो, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं पार्किंग तळघरात आहे. खाली जायला उतार. ह्या गाडीला रिव्हर्स नसतो, आणि तळघरात इंजिन सुरू करायला सोसायटीची मनाई, त्यामुळे रोज सकाळी ती मागे ढकलत, वळवत, उतारावरून वर काढायची. एकट्याचं काम नाही. पहिल्याच आठवड्यात काका आपणहून मागे आले आणि पेटीला खांदा लावला. नंतर ते रोजचंच झालं. काका पेणकरपाड्याचे, मूळ गावातले. तरुणपणी खाडीत मासेमारी केली, खाडीत काही उरलं नाही तेव्हा गेटवर बसले. चौदा वर्षं दिवसपाळी. मला बाला म्हणायचे. गाडी ढकलताना म्हणायचे, "बाला, ही गारी हाय का होरी? नांगर टाकून ठेव एकदा." उताराच्या मध्यावर आम्ही दम खायला थांबायचो, आणि तिथे ते बोलायचे.

तिथेच त्यांनी मला बंबाच्या जागेबद्दल सांगितलं. इमारतीच्या मागच्या बाजूला पिवळे पट्टे मारलेली जागा आहे, आगीचा बंब यायला राखलेली. तिथे सहा महिन्यांपासून सेक्रेटरींच्या जावयाची गाडी उभी असते, चंदेरी कव्हर घालून. त्या गाडीची गेटच्या वहीत नोंद करायची नाही, असा काकांना हुकूम होता. त्यांनी सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. दम खाताना माणूस बोलतो तसं बोलले.

त्याच महिन्यात मला समितीचं पत्र आलं. माझं वाहन दुचाकीच्या रांगेत दोन जागा अडवतं आणि चारचाकीच्या जागेस पात्र नाही, तरी पंधरा दिवसांत आवाराबाहेर न्यावं. रांगेतले पट्टे स्कूटरच्या मापाचे, पेट्यांसकट माझी गाडी त्यात मावत नाही, हे खरं होतं. मी दोन्ही जागांचं शुल्क द्यायला तयार होतो. तसं लिहून दिलं. उत्तर आलं नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "अरे, ही हायवेवरची गाडी आहे, हायवेवरच शोभते. नियम म्हणजे नियम." नियम म्हणताना त्यांच्या तोंडावरची रेषही हलली नाही. जिन्याच्या खिडकीतून मागचं चंदेरी कव्हर वाऱ्यावर फडफडताना दिसत होतं.

मग मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, रागाच्या भरात, आईला न दाखवता, आणि फार मजा येत होती. 'आगीचा बंब आला तर उभा कुठे राहणार?' असं शीर्षक. बंबाची जागा, जावयाची गाडी, वहीतली न केलेली नोंद, सगळं. आणि तिसऱ्या परिच्छेदाखाली, नियमाप्रमाणे, साक्षीदार: 'ही माहिती चौदा वर्षे आपल्या गेटवर काम करणाऱ्या सुरक्षारक्षकांनी स्वतः दिली आहे.' नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. चौदा वर्षं गेटवर असलेला माणूस एकच होता.

सकाळी सहाला छप्पन्न दारांखालून छप्पन्न पत्रकं सरकवली. काकांची पाळी आठला सुरू व्हायची. मी सातला निघालो, सातारा-कऱ्हाडकडे पुस्तिका पोचवायच्या होत्या. त्या दिवशी गाडी रात्रपाळीच्या माणसानं ढकलली.

ते चार दिवस मी फार आनंदात होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो. खंबाटकीचा घाट उतरला की समोर जी उघडी जमीन दिसते तिच्यावरून मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं पुढच्या पत्रकाची वाक्यं म्हणत चाललो होतो. चहाला थांबलो की सोसायटीचा ग्रुप उघडून बघायचो. कुणी लिहिलं होतं, खूप छान मांडलंय. कुणी नुसता अंगठा. कुणी, एकदा कुणीतरी बोलायलाच हवं होतं. काकांचं काय झालं, हे एकानंही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

परत आलो तेव्हा गेटवर नवा माणूस होता. कोऱ्या गणवेशातला. त्यानं मला थांबवून फ्लॅट नंबर विचारला आणि वही पुढे केली. मी विचारलं, काका कहाँ हैं? तो म्हणाला, "कौन काका?"

पत्रक वाटलं त्याच दिवशी दुपारी सेक्रेटरींनी रखवालदार पुरवणाऱ्या काकांच्या एजन्सीला फोन केला होता. एका फोनवर चौदा वर्षं संपली. एजन्सीनं काकांना सांगितलं की ज्यानं एका ठिकाणी आतली गोष्ट बाहेर सांगितली त्याला दुसऱ्या ठिकाणी पाठवता येत नाही.

मी तसाच पेणकरपाड्याला गेलो. इमारतींच्या मधून जाणारी त्यांची गल्ली इतकी अरुंद, की पेट्या भिंतीला घासत होत्या. दारात बसलेल्या बायका आवाज ऐकून उठून आत गेल्या. काका ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. ते जाळं आता कुणी वापरत नाही. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही.

मी खूप बोललो. हे बेकायदा आहे, कामगार कार्यालयात तक्रार करू, मी अर्ज लिहितो, दुसरं पत्रक काढतो, ह्या माणसांना सोडायचं नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

"मना इचारलंस?"

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला.

"तू लिवलंस, आनि फिराय गेलास. तुजी गारी मोठी, तू लांब जातंस. मी आठ वाजता गेटवर आलो तवा सगल्यांच्या हातान तो कागद व्हता. मनाच ठावूक न्हाय मी काय बोललो ते."

मी पुन्हा तक्रारीचं काढलं. ते म्हणाले, "मना लढाय न्हाय पायजे, बाला. मना माजं गेट पायजे. अठ्ठावन वरसाचा हाय मी. दुसरा कोन ठेवल?"

सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि अगदी शांतपणे अट सांगितली. काकांनी मला काहीही सांगितलं नव्हतं, मी रागाच्या भरात त्यांच्या तोंडी खोटं घातलं, असं मी सहीनिशी लिहून द्यायचं. ते सूचनाफलकावर लागेल. आणि गाडी आवाराबाहेर, कायमची. एवढं झालं तर सोमवारपासून काका कामावर. चहाचा कप माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "लिहायची तुला हौस आहेच. लिही की."

त्या माणसाचा मला आजही इतका राग येतो की जिन्यात तो समोरून आला तर मी कठडा धरतो. चूक त्याची, जागा त्यानं अडवलेली, आणि खोटं मी लिहायचं. आमच्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांत एक ओळ खोटी नव्हती. आई नक्की म्हणेल की नको, असं धरूनच मी घरी गेलो. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे मग माझी सुटका झाली असती.

ती म्हणाली, "आम्ही आधी त्या बाईच्या घरी जायचो. तिला वाचून दाखवायचो. ती नको म्हणाली तर फाडून टाकायचो. पुष्कळ फाडली. तू विचारलं होतंस का काकांना?"

दोघांनीही तेच विचारलं. मी लिहायला बसलो. तिनं नेहमीसारखं लाल पेन घेतलं. शेवटी मी एक वाक्य घातलं होतं, फार धारदार, सत्य तळघरात कोंडून राहत नाही अशा अर्थाचं. तिनं त्याच्यावर रेघ मारली.

"ह्या ओळीनं तुझा राग भागेल. त्यांचं गेट जाईल."

सोमवारी काका परत आले. माझी सही असलेला कागद अजून फलकावर काचेमागे आहे, लिफ्टची वाट बघताना रोज वाचावा लागतो. मी आयुष्यात एकच खोटं पत्रक लिहिलं आणि माझ्या सगळ्या पत्रकांत कामाला आलं ते तेवढंच. ग्रुपवर ज्यांनी अंगठे दाखवले होते त्यांतले काही जण आता मला बघून मोबाइलमध्ये डोकं घालतात. चंदेरी कव्हर आहे तिथेच आहे. उद्या वरच्या मजल्यावर सिलिंडर पेटला तर बंब गेटबाहेर उभा राहील, आणि तेव्हा हेच सगळे म्हणतील, कुणी बोललं कसं नाही.

गाडी भिंतीबाहेर गटाराशेजारी उभी असते. महिन्याभरात कुणीतरी टाकीवर किल्लीनं लांब ओरखडा काढला. काका मला बघून खुर्चीतून उठतात, गेट पूर्ण उघडतात आणि साहेब म्हणतात. मी एकदा म्हटलं, काका, बाला म्हणा ना. ते वहीत बघत म्हणाले, "सोसायटीचा नियम हाय, साहेब."

बाहेरचा रस्ता सपाट आहे. गाडी काढायला आता मागे कुणी लागत नाही.