काटा बघायचं काम

गाडी चढावर दम टाकायला लागली, तेव्हा मी आधी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. मग प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला आणि काळ्या हातांनी बायकोला सांगितलं, की आता बघ कशी पळते ती. पळाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत.

"तुम्ही हात लावला नसता तर अजून थोडी लांब गेली असती," बायको म्हणाली.

एरवी मीही हसलो असतो. पण याच गाडीतून मी आठवड्यातून दोनदा सासूबाईंना त्यांच्या गावाहून, मुरगूडहून, इथं शहरात राजारामपुरीत डायलिसिसला आणत होतो आणि परत नेऊन सोडत होतो. मी त्यांना मामी म्हणतो. त्यांनी आता आमच्याकडंच राहावं, असं बायकोचं म्हणणं. दारातली म्हैस आणि शेजारणीशी चाललेलं भांडण सोडून यायला मामी तयार नव्हत्या. शेवटी तोड निघाली. गाडी चालतीय तोवर मुरगूड. गाडीनं दगा दिला, की आमचा तिसरा मजला.

उचगावच्या मेकॅनिकनं चक्कर मारली, तर गाडी त्याच्याशी अगदी शहाण्यासारखी वागली.

"पेट्रोलचं प्रेशर कमी-जास्त होत असणार," तो म्हणाला. "खरं, गाडी तापल्याबिगर दोष घावायचा न्हाय."

त्यानं बॉनेटखालून एक नळी काढली, तिला प्रेशरचं मीटर जोडलं आणि ते काचेवर डाव्या बाजूला वायपरखाली अडकवलं. काटा साडेतीनच्या आसपास राहिला तर पंप चांगला. दोनच्या खाली घसरायला लागला तर गाडी कुठंही थांबणार. लांबच्या फेरीत काटा बघायचा, पण चालवणाऱ्यानं नाही, असं त्यानं बजावलं. माझ्या नव्या चष्म्यातून तसंही काटा दिसला की रस्ता दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुरगूडला मामी पुढच्या सीटवर बसल्या आणि मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"मी बघतो की," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात पडल्या पडल्या मशीनचं आकडंच बघत असतोय मी."

निघालो. ऊन चढत होतं.

"किती, मामी?"

"साडेतीन."

कागल आलं. "आता?"

"साडेतीनच हाय. पावणं, तुम्ही म्होरं बघा. काटा कुठं पळून जात न्हाय."

मी खूश. म्हणजे मेकॅनिक चुकला होता आणि माझे प्लग बरोबर होते. बायकोला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, त्याची मनात जुळवाजुळव सुरू झाली. हायवेला लागल्यावर मात्र पाय दाबला तरी गाडी उशिरा ऐकू लागली. मग एक गचका. मग दुसरा. मागून ट्रकचा हॉर्न.

"मामी, किती?"

"साडेतीन."

पुलाच्या चढावर इंजिनाचा आवाजच बारीक झाला. ट्रक इतक्या जवळून गेला, की आरसा थरथरला. मी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि ती बंद पडली. काचेला नाक लावून मीटर बघितलं. काटा एकच्या खाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

मामी हातातली पिशवी चाचपत होत्या. "कागलच्या अलीकडंच पडायला लागलाय त्यो."

"मग साडेतीन काय म्हणत होता?"

"खरं सांगितलं असतं, तर तुमच्या बायकोनं आजच मला वर न्हेऊन बसवलं असतं. तिथनं खाली रस्ता दिसतोय, माणूस दिसत न्हाय."

काटा बघायला मी नेमकं कुणाला बसवलं होतं, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. तेवढ्यात एक आवाज ऐकू आला, बारीक, सूं-सूं असा. वाटलं नळीच गळतीय. उतरून बॉनेट उघडलं. नळी कोरडी होती. परत येऊन बसलो, तर आवाज गाडीतच. मामींच्या छातीतून येत होता.

छातीत पाणी साठतंय का ते कळावं म्हणून, रात्री आडवं पडता येतं का, धाप लागते का, हे डॉक्टर दर खेपेला विचारत. मामी उत्तर देत आणि आम्ही मान डोलवत असू.

"मामी, रात्री झोपता येतंय न्हवं?"

"येतंय की," त्या म्हणाल्या. साडेतीन म्हणाल्या होत्या, तशाच.

"आडवं पडून?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"एवढं कशाला, रिक्षाच बोलवा की," मामी म्हणाल्या. एवढं बोलताना मधे दोनदा दम घ्यायला थांबल्या.