काळ्या कापडावरचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — ती गेली, हे न ऐकताच गेली. तुम्हाला का सांगतोय, ते मला विचारू नका. बसा, ऐका, आणि मध्ये बोलू नका म्हणजे झालं. मला राग लवकर येतो. ही गोष्टही त्या रागाचीच आहे म्हणा ना.

सगळं आयुष्य मी संधिवातावर घालवलं. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे; ऐन उमेदीत बोटांचे सांधे सुजवतो, माणसाला सकाळी उठून स्वतःची गुंडी लावू देत नाही, तो. पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, निर्वासितांच्या बराकी होत्या, बाकी सगळी ज्वारी-बाजरीची रानं. मी चिंचवडला राहायचो, पुण्यात संशोधन करायचो, आणि बाजारच्या दिवशी एस.टी.नं चाकणला जायचो. कांद्याच्या वखारींमागे दोन खोल्या घेतल्या होत्या. आसपासच्या वाड्यांतले रोगी तिथं यायचे. मला रोगी हवे होते — हे आधीच कबूल करतो. माणसं नव्हे, रोगी.

तोवर आमच्या हातात काय होतं? ॲस्पिरिन आणि सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं. मग परदेशातून कॉर्टिझोनच्या गोळ्या आल्या. अहो, खाटेवरचा माणूस उठून चालायला लागायचा! मुंबईला डॉक्टरांची सभा भरणार होती आणि मला तिथं माझं काम दाखवायचं होतं. तुम्ही तरुण असता तर तुम्हाला नसतं वाटलं तसं?

चंद्रभागाबाई माझ्या सगळ्यांत जुन्या रोगी. चाळिशीच्या आत-बाहेर, शेतकऱ्याघरची बाई, नवरा वारलेला. उजव्या हाताची बोटं तळव्यात वळून बसलेली. मी त्यांचा हात काळ्या कापडावर ठेवून फोटो काढून ठेवला होता — उपचाराआधीचा. त्यांचं एकच विचारणं असायचं. "भाकरी थापता यील का ओ, डाक्टर?" सुनेच्या हातचं खायला त्यांना जड जायचं. सून वाईट होती म्हणून नाही, स्वतःचा हात निकामी झाला म्हणून.

गोळ्यांनी सूज उतरली, ठणका गेला. एका बाजारी बाई हसत आत आल्या. "काल माजी येणी म्या घातली, डाक्टर!" मला त्या क्षणी इतका आनंद झाला, काय सांगू. तो खरा होता. तेवढा तरी माझ्या नावावर राहू द्या.

पण बोटं वाकडीच राहिली. राहणारच होती, वर्षानुवर्षं आखडलेला सांधा गोळीनं उघडत नाही. लाकडी पट्टीला बांधून, दर आठवड्याला थोडं थोडं सैल करत न्यावं लागतं, महिनोन् महिने. माझ्या गुरूंनी हे मला दहा वेळा बजावलेलं. पण सभा तोंडावर आली होती. वळलेल्या बोटांचा दुसरा फोटो दाखवून मला कोण विचारणार होतं?

बाईंना म्हणालो, झोपवतो, बोटं मोकळी करून पट्टीला बांधतो. त्या म्हणाल्या, "करा. तुमी करताय म्हंजे चांगलंच असनार." कंपाउंडर जेवायला गेला होता. सून बाहेर ओट्यावर. मी क्लोरोफॉर्म दिला. करंगळी उघडली, तिच्या शेजारचं उघडलं, अंगठ्याजवळचंही हळूहळू आलं. मधलं बोट मात्र हटून बसलं. मी दाबायचो, सोडलं की ते परत आत. परत दाबायचो, परत आत.

आणि मला राग आला.

कुणाचा? बाईंचा नाही, त्यांनी काय केलं होतं? त्या बोटाचा. हसू नका — त्या बोटानं माझ्याशी वैर धरलंय असं मला वाटलं. डोकं सणकलं. मी त्यांचा हात टेबलावर उताणा दाबला, बोटावर माझं मनगट ठेवलं आणि दात-ओठ खात सगळं वजन टाकलं. वाळलेली तुरकाठी मोडावी तसा आवाज झाला. मग दुसरा, तळव्यातून. बाई झोपेतच कण्हल्या. तरी मी दाबतच होतो. ऐकताय ना? आवाज आल्यावरही मी थांबलो नाही. जिंकल्यासारखं वाटत होतं.

मग मी मनगट उचललं. रोगानं हाडं पोकळ झालेली असतात, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायचो. बोट मोडलं होतं, त्यामागचं तळव्याचं हाडही. तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतंय. मी काय केलं? बोट सरळ झालं होतं ना — मी हात पालथा करून काळ्या कापडावर ठेवला आणि फोटो काढला. पाचही बोटं सपाट. मग पट्टी बांधली. बाई शुद्धीवर आल्या त्या किंचाळतच. म्हणालो, दुखणारच, सांधा उघडलाय. आणि हात कुणाकडून चोळून घ्यायचा नाही, अशी तंबी दिली.

ती तंबी मी का दिली? सवयीनं. खरंच सवयीनं — सगळ्यांनाच द्यायचो. पण कुठंतरी आत, आधीच, मी स्वतःला सुटायची वाट मोकळी करून ठेवत नव्हतो ना? आजही मला सांगता येत नाही.

पुढच्या बाजारी त्यांचा मुलगा गणपत त्यांना बैलगाडीत घालून घेऊन आला. तालमीतला पोरगा, मानेचा पत्ता नाही असा. बाईंचा हात काळानिळा, भोपळ्याएवढा. पट्टी भलतीच कुणीतरी बांधलेली. मी विचारलं, "कुणी हात लावला याला?" बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, रात रात झोप न्हवती, कोंडिबा वस्तादांनी तेल लावून चोळलं, बोट वढून बसवलं. आपल्याकडं हाड सरकलं की माणूस तालमीत वस्तादाकडेच जातो. अख्खा गाव जायचा. आणि वस्ताद त्या मुलाचे गुरू. त्यांनीच त्याला मातीत उतरवलेला, बाप गेल्यावर सांभाळलेला.

मी म्हणालो, "मग मोडलंय ते. हाड मोडलंय. म्हणून सांगितलं होतं ना!" वर आवाज चढवून म्हणालो. रागानं. तो राग मी आणला कुठून?

गणपतनं माझं मनगट धरलं. "चला. त्येच्या तोंडावर सांगा." तालीम दोन गल्ल्या पलीकडे होती. मी गेलो. वस्ताद कुस्तीच्या हौदातली माती खालीवर करत होते. पांढऱ्या मिशा, कान मोडलेले, आम्हाला बघून हसले. मी सांगितलं. शब्द न् शब्द पुन्हा सांगितला, त्यांच्याकडे न बघता.

"असं न्हाई व्हनार, गनपा," एवढंच ते म्हणाले.

पहिला ठोसा तोंडावर. म्हातारा हौदात पडला, तोंडातलं रक्त लाल मातीत दिसेना. गणपत लाथा घालत होता, "माज्या आईचा हात! माज्या आईचा हात!" ओरडत होता आणि रडत होता. वस्तादांनी एकदाही हात उचलला नाही. त्या वयातही त्यांनी त्याला उचलून आपटला असता. पण शिष्यावर हात कसा उचलतील? बाकीची पोरं भिंतीला चिकटून उभी. मग गणपतनं त्यांचा उजवा हात ओढून उंबऱ्याच्या दगडावर धरला आणि व्यायामाचं जड लाकडी मुद्गल उचललं. "ह्योच हात ना? ह्योच ना?" दोनदा घातलं. दुसऱ्यांदा मला तो आवाज ओळखू आला.

मी दारात उभा होतो. औषधांची बॅग हातात. एक वाक्य पुरेसं होतं. "थांब, मी मोडलंय." तीन शब्दही जड होते का? भीती वाटत होती, हो. ते मुद्गल माझ्या हातावर आलं असतं. पण खरं सांगू? भीतीच्याही खाली दुसरं काही होतं. मला हायसं वाटत होतं. दगडावर तो हात फुटत होता आणि मला हायसं वाटत होतं.

मुंबईला फोटो पडद्यावर दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. पुढे तो छापून आला. कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना दाखवला मी — आधीचा हात, नंतरचा हात. चंद्रभागाबाईंनी परत भाकरी थापली नाही. बोट वाकडंच जुळलं, हात कायमचा गेला. शेवटपर्यंत त्या मला दुवा देत राहिल्या, की डाक्टरानं चांगलं केलं होतं, आमीच घान केली.

वस्तादांच्या हाताला प्लॅस्टर मीच घातलं. ते काढायला ते एकटेच आले. मनगट लाकडासारखं झालं होतं, मूठ वळत नव्हती. तालीम सोडली म्हणाले. आता कुणाचं हाड बसवत नाही. मी काहीतरी पुटपुटलो. ते जाईनात, दाराशीच घुटमळले.

"डाक्टर, म्या वढलं तवा आत करकर वाजलं," ते म्हणाले. "तवाच समजलं मला, माज्याच हातनं मोडलं. आयुष्यात कंदी चुकलो न्हवतो. म्हातारपन, दुसरं काय. गनपाचं काय चुकलं न्हाई, त्येला बोल लावू नका. तुमच्या एवड्या औषदाची म्या माती केली. मला माफी करा."

हात जोडायला गेले. उजवा उघडेना, म्हणून डावा त्यावर ठेवला.

"असू द्या, वस्ताद," मी म्हणालो. "माफ केलं."