हवेत सव्वा तास

तिकीटरावांचं विमान चुकलं, आणि ते मी चुकवलं. त्यात विमान कंपनीचा, हवामानाचा किंवा नशिबाचा काडीचाही संबंध नव्हता. "टॅक्सी कशाला, मी आहे ना!" असं म्हणून मीच त्यांना गाडीत कोंबलं. "सव्वा तासाचा तर प्रवास, कसली घाई!" म्हणत वाटेत चाकांत हवा भरली. जवळचा म्हणून जो रस्ता धरला, तो निम्मा खोदलेला निघाला.

तिकीटराव म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिकिटं काढून देणारे गृहस्थ. एक संगणक, दोन खुर्च्या आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देणारा पंखा, एवढंच दुकान. "किती लांब आहे हो ते शहर?" असं कुणी विचारलं, तर ते किलोमीटर कधी सांगत नाहीत. "हवेत सव्वा तास, जमिनीवर अर्धा दिवस," म्हणतात. घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या दाराची बेल वाजेपर्यंतची सगळी दगदग त्या अर्ध्या दिवसात आली. गिऱ्हाइकांना मात्र सव्वा तासच ऐकू येतो. मलाही तेवढाच ऐकू आला होता.

त्याच शहरात त्यांची लेक दिली आहे. तिचं घर त्यांनी अजून पाहिलेलं नाही. निघायचं ठरलं, की नेमकं कुणाचं तरी विमान रद्द होतं आणि हे भरल्या ताटावरून उठून फोनला चिकटतात. फोन धरून धरून मानच एका बाजूला कललीय. बसल्या जागी माणूस किती दमू शकतो, ते त्यांच्याकडे बघून कळतं.

या वेळी मात्र जाणं भागच होतं. उद्या सकाळी लेकीचं ऑपरेशन. "आत नेण्याआधी एकदा दिसा, बाबा," एवढंच तिनं मागितलं होतं.

विमानतळाच्या बाकावर ते टेकले, तोच फोन वाजला. वहिनींचा. त्या आधीच लेकीकडे गेलेल्या.

"बसलात का?"

"बसलोय."

"विमानात ना?"

"बाकावर."

"म्हणजे? अहो, सगळ्या जगाला वेळेवर चढवता आणि स्वतः..."

"शेजारी सोडायला आले होते."

"अगंबाई!" वहिनींना तेवढ्यानं सगळा उलगडा झाला. "आता पोरीला काय सांगू?"

"येतोय म्हणून सांग."

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि दुकानातल्यासारखेच शोधाशोधीला लागले. पुढची विमानं भरलेली. एक होतं, पण ते आधी भलतीकडेच जाऊन उद्या दुपारी उतरवणारं. उरली संध्याकाळची बस, पहाटे पोचणारी. गिऱ्हाइकाला ते म्हणाले असते, "त्या बसच्या वाटेला जाऊ नका, कंबरेचा भुगा होईल." स्वतःसाठी त्यांनी मुकाट्यानं तिचंच तिकीट काढलं. मागची सीट मिळाली.

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बस कशाला, तिकीटराव? मी आहे ना! आत्ता निघू, रात्रभर गाडी हाकतो आणि थेट लेकीच्या दारात उतरवतो."

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि जाणाऱ्या टॅक्सीला हात केला.

"नको हो, मला पोचायचंय."