चांगल्या वर्तणुकीचा दाखला

“सही परत घेतो म्हणजे? सही काय शेजारणीकडून उसनं आणलेलं पातेलं आहे, काम झालं की घासून परत न्यायला?”

हे मी रावसाहेबांना विचारलं. प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. रावसाहेब म्हणजे म्युनिसिपालटीचे मेंबर आणि आमच्या दवाखान्याच्या कमिटीतलं सगळ्यात मोठं पागोटं. त्यांच्याशी त्या आवाजात बोलायची सोलापुरात फार जणांची छाती नव्हती. खाली पायरीवर सुंदराची सासू कपाळाला हात लावून बसलेली. मधूनमधून ओरडायची, “हिनंच खाल्ला माझ्या लेकाला! रोज सकाळी बांगड्या काढत हुती की ओ!” आणि जिच्यावरून हे चाललं होतं ती सुंदरा, आमच्यातली सगळ्यात धाकटी नर्स, खोलीच्या दारात बसून उकळून वाळवलेल्या फडक्यांच्या घड्या घालत होती. जसं काही भांडण शेजारच्या घरात लागलंय!

भांडण मिटलं. कसं मिटलं ते सांगते, पण मागचं दोन-चार सांगितल्याशिवाय त्याला चव नाही. बाळंतिणींच्या दवाखान्यात किस्से धुण्यासारखे साठतात, बायांनो. एक पिळून वाळत घालावा तर चार भिजत पडलेले. आणि डाग काही सगळ्यांचेच जात नाहीत.

* * *

त्या साली नर्सांच्या नोंदणीचा कायदा आला. सरकारी यादीत नाव चढेल तीच नर्स. बाकीच्यांनी घरी बसावं. कायदा मला मान्य होता. कळकट नखांच्या बायांनी मारलेल्या बाळंतिणी मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. परीक्षा घ्या म्हटलं, दहा घ्या! मी शाळेची पायरी चढलेली नाही. औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकले, त्यामुळे आजही माझ्या अक्षरात ‘विष’ हा शब्द सगळ्यात वळणदार येतो. पण परीक्षेला मी भ्याले नाही.

घोडं अडलं दुसरीकडेच. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघींना, म्हणजे मार्था, सुंदरा आणि मी, समोर बसवून नियम वाचला. प्रत्येक बाईनं चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा, गावातल्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या सहीचा.

मार्थानं विचारलं, “बाई, तुम्हाला आणला होता का असा दाखला?”

“मला पदवी लागली.”

“म्हणजे डॉक्टरांचं डोकं तपासायचं आणि आमचा पदर!”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कागद उलटा ठेवून म्हणाल्या, “तपासणारा नीट बघून निवडा.”

* * *

मार्था आमच्यात थोरली. मोठ्या दुष्काळात होटगी स्टेशनावर मालाच्या गोणींच्या आडोशाला सापडलेलं पोर. पाद्रीबाईंनी उचललं, वाढवलं, नर्स केलं. ती दाखल्यासाठी एका वकिलाकडे गेली. वकिलानं लेखणी बुडवली.

“बापाचं नाव?”

“ठाऊक नाही.”

“आईचं?”

“तेही नाही. गोणींवर नाव होतं म्हणतात, पण ते व्यापाऱ्याचं.”

वकिलानं लेखणी खाली ठेवली. “ज्या बाईचा बाप ठाऊक नाही, तिच्या वर्तणुकीची हमी मी कशी देऊ?”

मार्था म्हणाली, “वर्तणूक माझी आहे, साहेब. बापानं तर तीही मागे ठेवली नाही!”

त्यानं सही केली. पण मार्था निघाल्यावर ती टेकली होती तो बाक त्यानं धुऊन घेतला. धुवायचं पाणी ओतेपर्यंतसुद्धा ती फाटकाबाहेर पोचली नव्हती.

* * *

मला नवऱ्यानं टाकलेली म्हणत. साफ खोटं! सांगोल्याकडच्या त्या घरातून मी स्वतः उठून आले, दिवसाउजेडी, पुढच्या दारानं. पण गावाला दोनच बाया कळतात, नांदणारी आणि टाकलेली. मी गेले एका पेन्शनर मास्तरांकडे. मास्तर भला माणूस, पण चष्म्यातून माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, मी तुम्हाला ओळखत नाही हो.”

आतून दाराआडून मास्तरीणबाईंचा आवाज आला. लग्न झाल्यापासून परक्यासमोर त्या बोलल्या नव्हत्या म्हणे.

“तुम्ही कसे ओळखणार? दर बाळंतपणाला तुम्ही अंगणात पंचांग घेऊन बसलेले. जी पोरं जगली ती तिच्या हातात जगली. आणि जी एक पोर गेली ती तिनंच धुऊनपुसून, झबलं घालून माझ्या मांडीवर दिली, तुम्हाला दाखवायच्या आधी. सही करा!”

मास्तरांनी सही केली. पण आधी मला विचारलं, “झबलं कुठल्या रंगाचं होतं?” मी सांगितलं. मग बराच वेळ त्यांना दौत सापडेना, समोर होती तरी.

* * *

आता सुंदरा. ही नांदणारी. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, पदरात दोन पोरं, वर सासू. रावसाहेबांनी तिच्या कागदावर हसत हसत सही दिली. “नवऱ्याच्या धाकातली बाई आहे, प्रश्नच नाही!”

प्रश्न होता बांगड्यांचा. डॉक्टरीणबाईंची शिस्त अशी की बाळंतिणीला हात लावायचा तर कोपरापर्यंत हात मोकळे. बांगडीखाली घाण राहते, घाणीनं ताप येतो, तापानं बाई मरते. मी आणि मार्था आधीच मोकळ्या. सुंदराला मात्र रोज सकाळी नळावर साबण लावून चुडा उतरवायचा आणि वाडग्यात ठेवायचा, संध्याकाळी पुन्हा साबण लावून चढवायचा. हाताची कातडी सोलून निघायची. ती म्हणायची, “आक्का, माझा रोज सकाळी काडीमोड, रोज सांजंला लगीन!”

एकदा विणकरांच्या गल्लीत बाळंतपणाला गेलो. घरची तेलुगू आजी दारातच आडवी आली. सुंदराच्या कपाळाकडे बघते, मनगटाकडे बघते. कुंकू आहे आणि बांगडी नाही! मोडक्या मराठीत विचारते, “नवरा अर्धा मेला काय?”

सुंदरा म्हणाली, “व्हय आजी. गिरणीत डब्बल पाळीला हाय!”

आजी तोंडाला पदर लावून हसली आणि बाजूला झाली. पोर जन्मलं. आम्ही महिनाभर तो किस्सा एकमेकींना सांगत होतो.

* * *

मग उन्हाळ्यात तापाची साथ आली. सुंदराचा नवरा पडला. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली, कारण त्याला उतार होता आणि इथं एक अडलेली बाई होती. दुपारी गल्लीतून निरोप आला, संपला.

मी आत जाऊन तिच्या कानात सांगितलं. तिचे दोन्ही हात तेव्हा त्या बाईपाशी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बाईला म्हणाली, “कळ आली की जोर लाव, माझी बाय, आता थोडंच.” पोर बाहेर आलं, वार पडली, सगळं निगुतीनं झालं. मग ती उठली, हात धुतले आणि मला म्हणाली, “आक्का, जाऊ का आता?”

मी तिच्याबरोबर गेले. दारात गल्लीतल्या बाया जमलेल्या. रीत अशी की नवऱ्याजवळ बसवून बायकोच्या बांगड्या वाढवायच्या. एका म्हातारीनं सुंदराचे हात धरले, बघते तर हात उघडे. फोडायला काहीच नाही! बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. अशी अडचण त्या गल्लीत कधी आलीच नव्हती.

मग ती म्हातारीच म्हणाली, “घालू द्या की आदी. मग वाढवू.”

कुणीतरी दवाखान्यात पळालं आणि नळावरचा वाडगा घेऊन आलं. साबण कुणालाच सुचला नाही. कोरड्या हातावर तिघींनी मिळून चढवल्या, आणि लगेच दगडावर फोडल्या.

मी तिथं उभी होते. मग खाली बसून काचा वेचल्या, तिच्या पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

* * *

आणि मग हा व्हरांडा. सासू दवाखान्यात आली ती या हट्टानं, की हिला काढा. “माझा लेक झाला तवा माजे हात भरलेले हुते. दाईचेबी हुते. जगला की त्यो! तुमच्या साबणानं मेला!” तिला मी काय बोलणार? ज्याचा मेला त्याला तापाचं गणित शिकवता येत नाही.

पण रावसाहेब तपासणीला आले होते, त्यांनी ते धरलं. “सही मी सवाष्णीसाठी केली होती. आता हिला धाक कुणाचा? माझं नाव त्या कागदावर नको.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “साहेब, कागद उद्याच्या टपालानं गेले पाहिजेत. दाखला नसेल तर यादीत नाव नाही, आणि नाव नसेल तर मला हिला कामावर ठेवता येणार नाही. दोन लेकरं आहेत.”

“लेकरं सासू सांभाळेल.”

“आणि सासूला?” मार्था म्हणाली.

पायरीवरच्या सासूनं कपाळावरचा हात काढला. एवढा वेळ तिनं तो विचारच केला नव्हता.

मी म्हटलं, “कागदावर नवऱ्याच्या वर्तणुकीची हमी दिली होती का तुम्ही? मेला तो, वर्तणूक हिची आहे. ती जागेवरच आहे!”

रावसाहेब लाल झाले. हातातली काठी फरशीवर आपटून माझ्याशी न बोलता त्यांनी सुंदरालाच गाठलं. “अगं, धाक नसलेल्या बाईचं तोंड कोण धरणार? आज या घरात शिरायचं, उद्या त्या घरात. आतलं सगळं बघायचं. नियमच आहे, एखाद्या घरचं बाहेर बोललीस तर नाव कापतात. तुझ्या जिभेची हमी मी कशाच्या जोरावर देऊ? आमच्या घरात तर तुमच्यातल्या एकीनंही आजवर पाऊल टाकलेलं नाही, आणि टाकणारही नाही!”

सुंदरानं हातातली घडी पूर्ण केली. ढिगावर ठेवली, वरून हात फिरवून सारखी केली. उठून पदर घेतला. आवाज अगदी खाली, अडलेल्या बाईशी बोलायची तोच. ती एकच वाक्य बोलली. रावसाहेबांनी काठी उचलली, कागद होता तिथंच राहू दिला आणि सासूकडे न बघता पायऱ्या उतरून टांग्यात बसले. दुसऱ्या दिवशीच्या टपालानं आम्हा तिघींचे कागद गेले. 

ती म्हणाली, “व्हय रावसाहेब, कुणीबी इचारलं तर मी आजपातूर ह्येच सांगत आले की, तुमच्या घरात रातीचं मागल्या दारानं मला कदी कुणी बोलावलं न्हाय.”