बशीच्या कडेचे बाकले

सिरसाळ्याच्या बाजारात शेळीचा भाव पाडत होतो, तेव्हा फोन आला. माझ्या दोस्ताची, नामदेवची बायको, आमच्या सुमनवहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले ओ हे..." आणि मी हसलो. दवाखान्यात आदल्याच दिवशी 'माझ्या वाटचं फरसाण हाण बे' म्हणणारा माणूस! वाटलं, जन्मभराच्या माझ्या चेष्टांचा गडी आता वचपा काढतोय. शेळीवाला माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

नामदेवला अधूनमधून कावीळ व्हायची. डोळे हळदीसारखे, लघवी कोऱ्या चहासारखी. पहिल्यांदा मीच त्याला मोटारसायकलवर घालून माळ देणाऱ्या बुवाकडं नेलं. मुळ्यांच्या तुकड्यांची इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची; ती वाढत वाढत खाली सरकते, तसतशी कावीळ उतरते म्हणे. माळ पोटापर्यंत आली, नामदेव बरा झाला आणि मी पाटोद्यापासून परळीपर्यंत बुवाचा फुकटचा भोंगा झालो. साध्या सर्दीलासुद्धा मी माळ घालून हिंडायचो.

पुढं अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम याच्यात जन्मापासून कमी, आईकडून आलेला दोष. बाकला, म्हणजे तो वालासारखा मोठा चपटा दाणा, खाल्ला किंवा काही ठरावीक गोळ्या घेतल्या, की पेशी फुटतात. नंतर शरीर आपोआप सावरतं, पण दरवेळी सावरेलच असं नाही. नामदेवचा मामा असाच पिवळा पडून गेलेला, गावानं ती करणी ठरवली होती. "मग माळ?" मी बावळटासारखं विचारलं. "ती तूच घाल अन् गावभर हिंड," नामदेव म्हणाला. तेव्हापासून फरसाणातले तळलेले बाकले वेचून तो माझ्या बशीच्या कडेला लावायचा.

दुष्काळात जनावरं छावणीत, निम्मं गाव ऊसतोडीला. तरी त्यानं गावची दूध संस्था चालू ठेवली. संस्थेची निवडणूक मात्र हरला. प्रचारात एका वस्तीवर गयाबाईंनी विहिरीच्या तळच्या पाण्यावर जगवलेल्या बाकल्याची उसळ केली होती. यानं हात जोडले, आजार सांगितला. "आजार कसला, आमच्या हातचं चालत न्हाई म्हना की!" अख्खी वस्ती फिरली. निवडून आलेल्यांनी दूध घेणंच बंद करायचं घाटलं, म्हणून तो यंदा पुन्हा उभा राहिला. मतदानाच्या आदल्या दिवशी तीच वस्ती, तीच उसळ.

"मावशी, विष आहे ते याला!" मी ओरडलो. पंगत खदखदून हसली.

"काशिनाथभाऊ, लई नाटकं करू नगा," गयाबाई म्हणाल्या. "अन् झालीच कावीळ, तर माळ हाय की. तुमीच सांगत फिरत होता ना?"

नामदेवनं माझा गुडघा दाबला. "गप बे. डेअरी बसली तर ही मानसं काय खातील?" आणि त्यानं वाटी पुसून खाल्ली.

निवडून आला. मिरवणुकीत तोंडाला एवढा गुलाल होता, की खालचा पिवळा रंग कुणाला दिसलाच नाही. दवाखान्यात रक्त चढवलं, पण तोवर किडन्या गेल्या होत्या.

दहाव्याला बुवा आला. "येळेवर माळ घातली असती तर..." म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर आता काहीतरी चेष्टा येणार म्हणून समोरचा आधीच हसायला लागला.

संस्था चालू आहे. गयाबाईंचं दूध रोज सकाळी येतं. संध्याकाळी कार्यालयात फरसाणही येतं. मी बाकले वेचतो, बशीच्या कडेला लावतो... पूर्वी त्याच्या वाटचेही मीच फस्त करायचो. आता माझ्या वाटचेही तसेच पडून राहतात.