दोर मी बांधला होता

जर्मनीतल्या मराठी मंडळींनो,

जिन्यात सायकल कुणीही लावो, इमारतीची देखरेख करणारा हाउसमाइस्टर पहिली बेल आपल्याच दाराची वाजवतो. न केलेल्या चुकीचा दोष आपल्या माथी येतो, ही तुमची-माझी जुनी तक्रार. तिच्यावर मी स्टेजवरून कितीदा आवाज चढवलाय.

आणि मी स्वतः माझी चूक एका आपल्याच माणसाच्या माथी मारली.

वसंतकाका आज सकाळी स्टुटगार्टमध्ये वारले.

तुमच्यापैकी बरेच जण त्यांना 'बोट टांगणारे काका' म्हणून ओळखतात. ते नाव माझ्यामुळे पडलं.

रिटायर झाल्यावर काकांनी एक जुनी शिडाची बोट घेतली. चार हिवाळे घासून, रंगवून उभी केली. नेकर नदीच्या कालव्यातून एकेक लॉक उतरत ऱ्हाईन, पुढे समुद्र, मग नॉर्वे. बेत एकट्याचा. पहिल्या दिवशी मदतीला मी.

वाटेतल्या पुलांखालून जायचं म्हणून डोलकाठी उतरवून आडवी बांधलेली.

"काका, ही नवरदेवाशिवायची वरात वाटतेय."

"नवरदेव समुद्रावर उभा राहील. तू दोर सांभाळ."

लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली काँक्रीटची खोल पेटी. बोट आत घ्यायची, दरवाजे बंद, मग पाणी उतरतं आणि त्यासोबत बोट. तोवर दोर भिंतीवरच्या खुंट्याला नुसता वळसा घालून हातात धरायचा. पाणी उतरेल तसा सोडत जायचा. बांधायचा नाही. काकांनी हे तीनदा सांगितलं.

मला प्रवासाच्या शुभारंभाचं भाषण रेकॉर्ड करायचं होतं. एका हातात फोन. दुसरा हात मला हातवाऱ्यांसाठी हवा होता.

मी दोर बांधून टाकला.

"दोर हातात आहे ना रे?" काकांनी मागून विचारलं.

"आहे, काका."

पाणी उतरलं. बोट एका बाजूने भिंतीला टांगली गेली. डबे, स्टोव्ह, नकाशे सगळं घसरलं. काका रांगत पुढे आले आणि खिशातल्या सुरीने दोर कापला. बोट आदळली. त्यांचं मनगट मोडलं.

लॉकच्या लाउडस्पीकरवरून जर्मनमध्ये विचारणा झाली, दोर कुणी बांधला?

मला प्रश्न नीट कळला होता. मी गप्प राहिलो.

काका म्हणाले, "इख वार दास." म्हणजे, ते मीच केलं.

रेकॉर्डिंग मी त्याच दुपारी डिलीट केलं.

इथवर भित्रेपणा होता. पुढचं त्याहून वाईट.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी हा किस्सा रंगवून सांगितला. त्यात दोर काकांनी बांधला आणि सुरी मी चालवली. हॉल हसून लोळला. तिसऱ्या रांगेत काकाही हसले.

नंतर कोट घेताना म्हणाले, "बोललास झकास. फक्त सुरी माझी होती रे, तेवढं ठेवायचं होतंस."

त्या भाषणाची क्लिप म्युनिकला त्यांच्या मुलीपर्यंत, अनघापर्यंत पोचली. ती घाबरली. बाबांना आता झेपत नाही, असं तिने ठरवलं. महिनाभरात बोट विकली गेली. काकांनी तिला खरं सांगितलं नाही. मला सांगता आलं असतं. मी पुढच्या भाषणाची तयारी करत होतो.

आज दुपारी मी अनघाला फोन करून सगळं सांगितलं.

ती जर्मनमध्ये म्हणाली, "म्हणजे बोट विकायची गरज नव्हती."

हो, अनघा. नव्हती.

काका, तुम्ही पहिल्याच लॉकपाशी थांबलात ते माझ्यामुळे. माफी मागायला मी उशीर केला. नमस्कार तरी घ्या.

आणि मंडळी, माझं सांत्वन करू नका. कमेंटमध्ये हात जोडू नका. ती क्लिप तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर पाठवलीत, त्या प्रत्येक ग्रुपवर आजच ही पोस्ट पाठवा.